क्रमपाळी लावणाऱ्या एआयचे नियम सभासदांना दाखवा

मा. संपादक,
स. न.

ऊसतोडणीची क्रमपाळी, म्हणजे कोणाचा ऊस कधी तोडायचा याचा क्रम, 'एआय'ने लावायची, असा विचार आता बऱ्याच साखर कारखान्यांच्या शेतकी विभागांत सुरू आहे. मी अशाच नियोजनाची सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम करते आणि आमच्या घरचा ऊसही कारखान्यालाच जातो. म्हणून हे पत्र.

काही ठिकाणच्या प्रात्यक्षिकांत मला फक्त गप्पा मारणारा चॅटबॉट दिसला. 'उद्या तोडणीची टोळी कुठे पाठवू?' असे विचारले की तो अस्खलित मराठीत यादी देतो. पण क्रमपाळी हा हिशेब आहे. लागणीची तारीख, उसाची जात, टोळ्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, काट्यावरची रांग, रोजची गाळप क्षमता, सगळे एकाच वेळी जुळावे लागते. चॅटबॉटच्या यादीत एकच ट्रॅक्टर एकाच वेळी दोन गावांत असू शकतो, आणि वाचताना ते लक्षातही येत नाही.

या कामासाठी वेगळ्या जातीची सॉफ्टवेअर आहेत आणि ती आजची नाहीत. यंत्रमानवाच्या कृतींची आखणी करणारी 'स्ट्रिप्स' ही पद्धत 1971 सालची. 1999 मध्ये नासाच्या 'डीप स्पेस 1' यानाने स्वतःच्या कामाचे नियोजन अंतराळात स्वतःच करून दाखवले. कोणत्या कृती, कोणत्या क्रमाने, हे शोधायचे असेल तर 'फास्ट डाउनवर्ड'सारखा प्लॅनर लागतो. आपल्याकडे कृती ठरलेल्याच आहेत. कोणाचा ऊस, कोणती टोळी, कोणत्या दिवशी, एवढेच ठरवायचे आहे. त्यासाठी गूगलचे 'ओआर-टूल्स' किंवा 'टाइमफोल्ड' यांसारखे सॉल्व्हर, म्हणजे दिलेल्या नियमांत बसणारी चांगली जुळणी शोधणारी सॉफ्टवेअर, योग्य. ओआर-टूल्स आणि टाइमफोल्डची मूळ आवृत्ती मुक्त परवान्याखाली मिळतात. म्हणजे कारखाना पैसे मोजतो ते मुख्यतः नियम नीट मांडून देण्याचे आणि ते सॉफ्टवेअर शेतकी विभागाच्या रोजच्या कामात बसवण्याचे. निविदेत नेमके हेच लिहिलेले नसते.

खरा प्रश्न नियमांचा आहे. सॉल्व्हरला दोन प्रकारचे नियम द्यावे लागतात: कधीच न मोडायचे आणि शक्यतो पाळायचे. दुसऱ्या प्रकारातल्या प्रत्येक नियमाला वजन द्यावे लागते. साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) वजन जास्त दिले, तर को 86032 जातीच्या उसाचा शेतकरी पुढे जातो आणि आधी लागण करूनही फुले 265 जातीवाला मागे राहतो. लागणीच्या तारखेला वजन दिले, तर उलट. मागे राहिलेल्याच्या उसाला तुरा येतो, वजन घटते, पुढचे पीक लांबते. हा निर्णय संचालक मंडळाचा आणि सभासदांचा. तो माझ्यासारख्या प्रोग्रामरने पुण्यात बसून एका आकड्यात टाकून द्यायचा नाही. आज मात्र तसेच घडते आहे, आणि मला ते मान्य नाही.

दुसरी गोष्ट पावसाची. नोव्हेंबरात एक जोराचा पाऊस झाला की काळ्या रानात ट्रॉली रुतते. चिटबॉयचा, म्हणजे गावात तोडणी बघणाऱ्या कारखान्याच्या कर्मचाऱ्याचा, फोन येतो, तो प्लॉट मागे टाकायचा असतो. सॉफ्टवेअर कच्चे असेल तर ते सगळी क्रमपाळी पहिल्यापासून लावते आणि ज्यांच्या रानात थेंबही पडला नाही, त्यांच्या तारखाही आठवडाभर सरकतात. त्यांनी उसाचे पाणी तोडलेले असते, टोळीने शेजारी राहायला कोप्या (झोपड्या) टाकलेल्या असतात. म्हणून 'जाहीर झालेल्या तारखा शक्यतो हलवू नयेत' हाही एक नियम वजनासह द्यावा लागतो, आणि तोडणीची चिठ्ठी निघाली की ती ओळ कुलूपबंद व्हावी लागते. टाइमफोल्डमध्ये ही सोय आयती आहे. 2004 मध्ये मंगळावरच्या स्पिरिट आणि अपॉर्च्युनिटी या गाड्यांचे दिवसाचे काम आखतानाही पृथ्वीवरची माणसे आराखडा हाताने बदलत आणि नियम मोडत नाही ना, हे सॉफ्टवेअर बघे. शेती अधिकाऱ्यालाही तेवढीच मुभा हवी. फक्त त्याने कोणती ओळ का हलवली, याची नोंद राहावी.

एका कारखान्यात मी पाहिले आहे: शेतकरी गट ऑफिसात येऊन विचारतो, 'माझा ऊस त्याच्या मागे का?' आणि क्लार्क म्हणतो, 'कंप्युटरने लावलंय.' सॉल्व्हरकडे कारण असते. कोणत्या नियमामुळे कोण मागे गेला हे तो दाखवू शकतो. ते स्क्रीनवर आणणे हे आमचे काम, आणि ते मागून घेणे कारखान्याचे.

पहिला हंगाम नवे सॉफ्टवेअर चिटबॉयच्या वहीसोबत चालवावे. नियमांची आणि वजनांची फाइल कारखान्याच्या मालकीची असावी, म्हणजे उद्या कंपनी बदलली तरी काम अडणार नाही. आणि सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी या नियमांचा छापील तक्ता मागावा, तो प्रत्येक गट ऑफिसात लावायला सांगावा. तोडणी सुरू झाल्यावर वजने बदलणे फार अवघड जाते.

आपली विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता, ता. वाळवा, जि. सांगली