धंतोलीच्या डॉक्टर मॅडमना, आईच्या वतीने

आदरणीय डॉक्टर मॅडम,

आई आता नागपूरच्या महाल भागातल्या घरून बडकस चौकापर्यंत पायदळ जाते, कोणाचा हात न धरता. तुमचे आभार तुम्हाला एकटीला भेटूनही मानता आले असते. पण ज्यांच्या घरी ‘मणक्यात गाठ’ हे शब्द नुकतेच कानावर पडलेत, त्यांनीही हे वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

तुमच्याकडे येईपर्यंत आईचा तोल जाण्याचा सगळा दोष गुडघ्यांवर आणि वयावर जात होता. कंबरेचा एमआरआयही झाला होता आणि त्यात तोल जाण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही आईला विचारलंत, “मावशी, चप्पल पायातून निसटली तर कळतं का?” कळत नव्हतं. मग डोळे मिटून उभं केलंत, पोटावर टाचणी टोचत टोचत कुठून खाली बधिर आहे ते पाहिलंत आणि म्हणालात, गाठ असलीच तर कंबरेच्या वर आहे, पाठीचा एमआरआय करा. तिथेच ती सापडली. मेनिन्जिओमा. मज्जारज्जूच्या आवरणातून वाढलेली, त्याला बाहेरून दाबणारी. बायकांमध्ये जास्त दिसते आणि बहुतेकदा पाठीच्याच भागात, हे तुमच्याकडूनच कळलं. “कॅन्सर नाही, पण जागा अरुंद आहे आणि गोळ्यांनी ही विरघळत नाही,” असं तुम्ही आईलाच सांगितलंत. आम्हाला बाजूला घेऊन नाही. त्याचं मोल मला फार वाटतं.

ऑपरेशनची भीती आम्हाला एकाच गोष्टीची होती, पाय जाण्याची. गाठ ओढून काढत नाहीत, मायक्रोस्कोपखाली आधी आतून पोखरतात, म्हणजे रज्जूला धक्का कमीत कमी लागतो. पायांना लावलेल्या तारांमधून संदेश पोचतोय का ते सतत बघतात. आणि ते संदेश नीट दिसावेत म्हणून भूलतज्ज्ञ भुलेची औषधंही वेगळी निवडतात. हे तुम्ही कागदावर चित्र काढून समजावलंत. तो कागद बाबांनी जपून ठेवलाय.

पण खरे आभार त्यानंतरच्यासाठी. गाठ निघाली, तरी तिचं मूळ रज्जूच्या पुढच्या बाजूच्या आवरणाला चिकटलेलं होतं. ते जाळलं, कापलं नाही, कारण कापायला रज्जू बाजूला सारावा लागला असता. हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत. रिपोर्ट ग्रेड १ आला, म्हणजे सौम्य, हळू वाढणारी गाठ. आम्ही पेढे आणले, तुम्ही पेढा घेतलात आणि पुढच्या तारखा लिहून दिल्यात: ३ महिन्यांनी कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन काढायचा) एमआरआय, मग दरवर्षी, पुढे अंतर वाढवत. अशी गाठ ८-१० वर्षांनीही परत दिसू शकते, म्हणून ‘बरं वाटतंय’ हे तपासणी चुकवायचं कारण नाही. दरवेळी तुम्ही नवी फिल्म फक्त मागच्या वर्षीच्या नाही, तर ऑपरेशननंतरच्या पहिल्या फिल्मशेजारी लावता. थोडी थोडी वाढ वर्षावर्षाच्या तुलनेत नजरेतून सुटते, हे आता माझा भाऊही नातेवाइकांना सांगतो.

तुमच्या सिस्टर गडचिरोली, बालाघाटच्या पेशंटना फोन करून तारखेची आठवण देतात, हे मी बाकावर बसून ऐकलंय. त्यांचेही मनापासून आभार.

जानेवारीत आईची तारीख आहे. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी करून, सगळ्या जुन्या फिल्म घेऊन येतो. तिळगूळ आई स्वतः करून आणणार आहे.

तुमची ऋणी,
तुमच्या पेशंटची लेक