नाही म्हणायचं ते त्याच दिवशी

सातारा

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, नाही म्हटलं की माणसं दुखावतात गं." दिवाळी अंकांची चित्रं, प्रकाशकाचं मुलांचं पुस्तक आणि वर आत्याकडच्या लग्नाची पत्रिका, एवढी चित्रांची कामं तुझ्यासमोर आहेत. फोनवर मी काही सांगायला लागले की तू "हो आई, हो आई" करतेस, म्हणून लिहून पाठवते आहे.

नकारानं माणूस खट्टू होतो, पण चिडतो तो लटकवून ठेवल्यावर. संपादकाला जुलैत नाही कळवलंस तर तो दुसरा चित्रकार गाठेल आणि पुढच्या वर्षी तुला परत विचारेल. तेच अंक छपाईला जायच्या तोंडावर "जमेल असं वाटत नाही" म्हणालीस, तर तो जन्मभर लक्षात ठेवेल, आणि त्याचं काही चुकणार नाही. म्हणून नकार त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. "बघते, कळवते" हे सगळ्यात वाईट.

आणि कारणं देत बसू नकोस. कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बसतो. वेळ नाही म्हटलंस की "पुढच्या आठवड्यात दे", तब्येत बरी नाही म्हटलंस की "मग साधंसंच काढ". "विचारलंत याचा आनंद झाला, पण या वेळी हे काम मी घेऊ शकत नाही," एवढं पुरे. नाही म्हणायचं म्हणून दर दुप्पट सांगायचा, ही युक्ती तुझ्या मैत्रिणी करतात. एखादा गृहस्थ "चालेल" म्हणाला तर? नको असलेलं काम दुप्पट पैशांतही नकोसंच राहतं. कुणा नवख्या मुलीकडे पाठवणार असशील तर आधी तिला विचार, मग तिचा नंबर दे.

घेतलेल्या कामालाही कुंपण लागतं. मी पुढच्या खोलीत डीटीपी, म्हणजे छपाईच्या मजकुराची कॉम्प्युटरवर जुळणी, करायचे ते तुला आठवतच असेल. लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक एकटं कधीच यायचं नाही. मुलीचे वडील, त्यांचे भाऊ, एखादा मेहुणा. कॉम्प्युटरशेजारी खुर्च्या ओढून सुरू व्हायचे: गणपती जरा वर घ्या, नावं जाड करा, नको, बारीकच बरी होती. शेवटी मी स्क्रीन दाखवणंच बंद केलं. कागदावर प्रूफ, म्हणजे तपासायला कच्ची प्रत, द्यायचं. घरी न्या, सगळ्यांना दाखवा, दुरुस्त्या लाल पेनानं एकाच कागदावर करा. दुसऱ्या प्रूफवर "वाचले, छापण्यास हरकत नाही" असं लिहून सही. एकदा सहीनंतर मुलीचे काका तणतणत आले, माझं नाव मामांच्या खाली कसं? मी सहीचा कागद पुढे ठेवला आणि छपाईची प्लेट नव्यानं करायचा खर्च सांगितला. काकांनी आकडा ऐकला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "राहू द्या, मामा वयानं मोठेच आहेत."

तुझे बाबा म्हणतात, मी गिऱ्हाईकांना घाबरवायचे. घाबरवत नव्हते, आपला मजकूर वाचायला लावत होते.

तुझं प्रूफ म्हणजे कच्चं स्केच. त्यावर होकार ईमेलनं घे, रंग भरायला त्यानंतर बस. किती वेळा बदल करून देणार ते आधीच लिही, पुढच्या प्रत्येक बदलाचे पैसे वेगळे. निम्मे पैसे आगाऊ. आगाऊ म्हटल्यावर जो गप्प होतो, तो नंतरही गप्पच राहिला असता. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर "जस्ट एक छोटासा चेंज" आला तर सकाळी दहाला उत्तर दे. एकदा रात्री दिलंस की ती तुझी वेळ ठरली.

प्रकाशकाच्या करारातलं "सर्व हक्क" हे वाक्य सही करण्याआधी नीट वाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक मेख आहे. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणून हक्क तुझ्याकडे राहणार हे लिहूनच घे, आणि वापरायला देतेस ते कशासाठी, किती वर्षं, तेही. हक्क लेखी देऊन टाकलेस पण मुदत घातली नाहीस, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. आणि उद्यमचं रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, अजून का केलं नाहीस? सरकारी पोर्टलवर फुकट होतं. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यानं नोंदणी असलेल्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी काही ठरलं नसेल तर १५. पुढे उशिराचं व्याजही मागता येतं. भांडायला जा असं म्हणत नाही, पण बिलावर नोंदणी क्रमांक दिसला की हिशेबनिसाची बोलण्याची तऱ्हा बदलते.

दोन कामांना विचार न करता नाही म्हण. एक, "त्या अमक्यासारखंच हवं, फक्त थोडं वेगळं." दुसरं, कॉम्प्युटरकडून काढून घेतलेलं चित्र पाठवून "बोटं तेवढी नीट करून द्या." अशानं तुझा हात बिघडेल.

पण सगळीकडे दर लावत सुटू नकोस. कमी मानधनाच्या त्या दिवाळी अंकासाठी तू दरवर्षी मन लावून चित्रं काढतेस, कारण ते संपादक कथा स्वतः वाचून तुझ्याशी बोलतात. ते चालू ठेव. फुकटची कामं कोणती, हे तू ठरव, मागणाऱ्यानं नव्हे.

आत्याकडची पत्रिका तुला करायची नसेल तर मला मध्ये घालू नकोस. तूच फोन कर, मेसेज नको. दुपारी जेवण झाल्यावर कर, तेव्हा तिचा मूड बरा असतो. करणार असशील तर मात्र नावांची यादी सगळ्या घराची सही घेऊनच ताब्यात घे, त्यांच्याकडेही काका-मामा आहेतच.

तुझी
आई