अभिमान ध्वजात रंग वाढले तर बिघडले कुठे?

महोदय,

समलैंगिक, तृतीयपंथी अशा सर्वांच्या अभिमान यात्रेसाठी (प्राइड मार्च) माझ्या भाचीने आणि तिच्या सोबत्यांनी नुकताच एक मोठा ध्वज माझ्याकडे शिवायला दिला. तो नेहमीच्या सहा इंद्रधनुषी पट्ट्यांचा असावा, की दांडीच्या बाजूने काळ्या, तपकिरी, फिकट निळ्या, गुलाबी आणि पांढऱ्या रंगांचा बाणासारखा कोन असलेला, यावर नौपाड्यातल्या माझ्या शिवणाच्या खोलीत तासभर वाद झाला. मूळ रंग कोणा एका गटाचे नाहीत, लाल जीवनाचा आणि हिरवा निसर्गाचा आहे, मग त्यात माणसांची वाटणी कशाला, असे काहींचे म्हणणे होते. आक्षेप प्रामाणिक आहे, पण मला तो पटला नाही.

सहा हा आकडाही मूळचा नाही. गिल्बर्ट बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत फडकवलेल्या ध्वजाला आठ पट्टे होते. गडद गुलाबी कापड पुरेसे मिळेना म्हणून तो पट्टा गेला आणि १९७९ मध्ये पट्टे सम संख्येत यावेत म्हणून फिरोजीही गेला. कापडाच्या अडचणीसाठी जो ध्वज बदलला, तो माणसांसाठी का बदलू नये? फिलाडेल्फियात २०१७ साली काळा आणि तपकिरी पट्टा जोडला गेला, तो याच चळवळीत वर्णभेद सोसणाऱ्यांसाठी. पुढच्या वर्षी डॅनियल क्वेझार यांनी त्यांना पारलिंगी (ट्रान्सजेंडर) ध्वजाच्या रंगांची जोड देऊन हा कोन रचला.

आपल्याकडे मात्र या काळ्या-तपकिरी रंगांचा आयता अर्थ उचलू नये. जातीचे चटके सोसलेल्या सोबत्यांना विचारून तो ठरवावा. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या ओळखीला २०१४ सालीच मान्यता दिली, समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले गेले ते २०१८ साली. तरीही ध्वजावर तृतीयपंथीयांनाच जागा मागावी लागते, हे मनाला लागते. त्या दिवशी शेवटपर्यंत गप्प बसलेल्या एका तृतीयपंथी मुलीने फिकट निळ्या कापडावर हात ठेवून एवढेच विचारले, "यात्रेत हा ध्वज धरणार कोण?" कोणालाच पटकन उत्तर देता आले नाही.

अखेर कोनाचाच ध्वज शिवला. उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या, कापडाची कड ताणली जाते, त्यामुळे टोकाची शिवण दोनदा उसवावी लागली. तिसऱ्या वेळी त्या मुलीनेच टाचण्या लावून कापड माझ्यापुढे धरले. यात्रेत दांडी तिच्याच हाती द्यावी, असे मी भाचीला बजावले आहे.

— एक शिवणकाम करणारी वाचक, नौपाडा, ठाणे