रोडवरचं वावर विकू नका

अमरावती, २४ मे

ती. आई-बाबांना शि. सा. न.

फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "हं, घे, आईशी बोल" म्हणतात आणि आई "जेवली का"च्या पुढे गाडी जाऊ देत नाही. म्हणून लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरीही बाबांना लागलं नाही तर आई, तू वाचून दाखव, आणि तुला नको वाटेल ते मधलं गाळू नकोस. दादाच्या वेळी गाळलं होतंस, त्याचं पुढे काय झालं ते आपण पाहिलं.

जूनपासून मी कॉलेजात जाणार नाही. सीएचबीचा, म्हणजे तासाच्या पैशावर शिकवायचा, अर्ज या वर्षी भरला नाही आणि तसं सरांना सांगूनही झालं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, हे खरं. पण विचारलं असतं तर बाबा काही बोलले नसते, नुसते अंगणात जाऊन उभे राहिले असते. त्यापुढे माझं आजवर काही चाललेलं नाही.

बाबा, उठू नका, पुढचं ऐका. तुम्ही संस्थेच्या त्या माणसाच्या ओट्यावर संत्र्याची पेटी घेऊन दोन तास बसला होता, चप्पल खाली काढून, ते मी विसरलेले नाही. त्याच्यामुळे मला पाच वर्षं तास मिळाले, मुलं चांगली मिळाली, हेही मानते. पण तासाचे पैसे म्हणजे सुट्टीत शून्य, आणि जानेवारीपासूनचे तर अजून आलेलेच नाहीत. "पुढच्या वर्षी पर्मनंट" हे पाचव्यांदा ऐकलं. पर्मनंट करायला मागतात तो आकडा कुठे गेलाय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला दादाकडून कळलं की रोडवरच्या दोन एकराला गिऱ्हाईक आलंय.

ते वावर विकू नका. विहीर त्याच वावरात आहे आणि आईचे हातातले गोट त्या विहिरीच्या खर्चात गेले आहेत. इसार घेतला असेल तर परत करा, वरून हजार-पाचशे मागितले तर मी देते. मला आता पर्मनंट व्हायचंच नाही, म्हणजे विकायचं कारणच उरलं नाही.

वावरासाठी नोकरी सोडली, एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. दोन दिवस तसंच लिहायचं ठरवलं होतं. पण आई माझं तोंड बघून ओळखेल, तेव्हा आताच सांगते की गाणंही आहे. निम्म्याहून जास्त गाणंच आहे.

बँड म्हटलं की मोठी आई विचारते, लग्नाच्या किती सुपाऱ्या आल्या. तिला सांगा, एकही नाही. आम्ही चौघं आमचीच गाणी वाजवतो, म्हणून तर पैसे कमी. नागपूरच्या कॅफेत ३१ तिकिटं गेली, दोनशेचं एक. निम्मे कॅफेवाल्याचे, उरलेले चौघांत, माझ्या वाट्याला ७७५ रुपये. सगळ्यात हळू गाणं चालू असताना त्याने आत मिक्सर लावला. एका कॉलेजच्या गॅदरिंगला तिसऱ्या गाण्याला मागून पोरं ओरडायला लागली, डीजे लावा, आणि खरंच लावला. महाशिवरात्रीच्या एका यात्रेत माइकला ओठ लागला की झिणझिण्या यायच्या, कारण अर्थिंग नव्हतं. बिछायतवाल्याने मांडवामागे सळई ठोकली, त्यावर मीठ आणि बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा कुठे थांबलं. (आई, घाबरू नकोस. आता मी माइकला स्पंजची टोपी लावते आणि पायात रबरी चप्पल ठेवते. कार्यक्रमाआधी टेस्टर लावून बघितल्याशिवाय कोणी काही हातात घेत नाही.)

आता चिखलदऱ्याचं. उन्हाळ्यातला दोन दिवसांचा छोटा महोत्सव होता, मैदानात एक स्टेज. बाबा, दादा सहावीत असताना आपण गेलो होतो, भीमकुंड पाहिलं आणि गाविलगडावर आईची चप्पल तुटली, तेच. अमरावतीहून निघालो तेव्हा गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. अशा उन्हात गिटारीच्या तारा सैल पडतात, सूर खाली उतरतो. आणि खंजिरीचं कातडं उलट ताणून टणक होतं, पत्र्यासारखं वाजतं. परतवाड्याच्या पुढे घाट चढला, हजार मीटरच्या वर आलो, दुपारी अवकाळीची एक सर येऊन गेली आणि सगळं फिरलं. तारा ताणल्या, सूर चढला आणि खंजिरी पडली. थाप मारली की ओल्या पोत्यावर मारल्यासारखी.

आमची वेळ साडेआठची होती. स्टेजच्या मागे एका कोरकू बाईची भज्यांची गाडी होती. तिच्या चुलीशी मी खंजिरी धरली, तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग काही न बोलता तिने ती माझ्या हातातून काढून घेतली. मी आचेच्या फार जवळ धरत होते. तिने हातभर वर धरली, चुलीभोवती फिरवावी तशी गोल फिरवली, मधे मधे बोटाच्या पेराने टिचकी मारून कान लावला. तिसऱ्या टिचकीला आवाज बसला. "आमचा ढोल असाच तापवतो," म्हणाली, आणि भजी उलटायला वळली. मी पैसे देऊ लागले तर हसली.

आधीच्या लोकांनी लांबवलं. आम्ही चढलो तेव्हा नऊ पस्तीस झाले होते. रात्री दहानंतर भोंगे बंद, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतच ते आहे, आणि शेजारी मेळघाटचं जंगल असताना पाच मिनिटंही कोणी वाढवून देत नाही. द्यायलाही नको. सात गाणी बसवून नेली होती, चार झाली. आईला आवडतं ते राहिलं. शेवटचं सीतादहीचं म्हटलं, वेचणीच्या पहिल्या दिवशी आई वावरात दहीभात ठेवते ते. समोर शंभरेक माणसं असतील. निम्मी नागपूरची, खुर्च्यांवर. बाकीची गावातली, मागे उभी. ती भज्यांची बाई झारा हातात घेऊनच बाजूला येऊन थांबली होती. गाणं संपल्यावर टाळ्या वाजल्या, चांगल्या वाजल्या. पण ती आली आणि म्हणाली, "दही ठेवता ते खरं ठेवता का?" मी म्हटलं, आमची आई ठेवते. तिने मान हलवली आणि गेली.

याला काय म्हणायचं ते मला नीट सांगता येत नाही. पाच वर्षं तासाला शिकवताना एकाही मुलाने मला असा खरा प्रश्न विचारला नव्हता. हे त्या मुलांवर अन्यायाचं आहे, मला माहीत आहे.

हिशेब देते, नाहीतर बाबा विचारतील. चौघांना मिळून पंधरा हजार, राहणं-खाणं त्यांचं. गाडीभाडं साडेपाच हजार. माझ्याकडे २,३७५ आले. दिवाळीपर्यंत सात कार्यक्रम ठरलेत. शिवाय सकाळची शिकवणी मी सोडलेली नाही, आठवी ते दहावीची अकरा पोरं आहेत. आणि लिहिलेल्या गाण्याचं असं आहे. आयपीआरएस नावाची संस्था आहे, आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्याच वयाची, १९६९ ची. गाणं सभेत, हॉटेलात, रेडिओवर वाजलं की लिहिणाऱ्याचे आणि चाल लावणाऱ्याचे पैसे ती गोळा करते. २०१२ ला कॉपीराइटचा कायदा बदलला. आता सिनेमासाठी गाणं दिलं तरी रॉयल्टीतला हिस्सा लिहून घेता येत नाही. बाबा, वावर बटईने दिलं तरी सातबारा आपल्याच नावावर राहतो ना, तसंच समजा. आज त्यातून चहाचेही पैसे येत नाहीत. पण नावावर काहीतरी राहतं.

आणि गाण्या-वाजवण्यावर कोणाची घरं चालत नाहीत असं नाही. मावशीच्या गावाकडे झाडीपट्टीत दिवाळी झाली की रात्र रात्र नाटकं होतात, लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. वडशाला तर नाटक कंपन्यांची रांगच आहे. बाबा, तुम्हीच बैलगाडीवरून जाऊन नाटक पाहिल्याचं सांगता.

माझी काळजी करू नका. खोली तीच, घरमालकीण काकू तीच. कूलर आहे, चांगला चालतो. डब्यात रोज वरण-भात, पोळी, एक भाजी, बुधवारी भाकर. बाहेरगावी माझ्यासाठी वेगळी खोली ठरल्याशिवाय आम्ही हो म्हणत नाही, आणि रात्रीचा प्रवास नाही. गिटारवाला पोरगा गाडी सावकाश चालवतो, ज्याने आपल्याकडे सात रोडगे खाल्ले तो.

परवा लाइट गेली तर गच्चीवर झोपले आणि गुरुवारचं भजन आठवलं. आई, मी तुझ्या मांडीवर झोपून जायची आणि आबांची खंजिरी माझ्या कानाशी वाजत असायची, तरी जाग यायची नाही. वाजणं थांबलं की यायची. मग बाबा खांद्यावर टाकून घरी न्यायचे आणि मी जागी असूनही डोळे मिटून राहायची, चालावं लागू नये म्हणून. बाबा, तुम्हाला ते माहीत होतं का?

आता कामाचं. बाबांच्या डोळ्याची तारीख मी घेतली आहे, १२ जून. त्या आठवड्यात कार्यक्रम ठेवलेला नाही, मी ११ लाच घरी येते. "थंडी पडली की करू" हे चालणार नाही. आता छोट्या छेदातून भिंग बसवतात, त्याला उन्हाळा-हिवाळा नसतो, डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. बीपीची गोळी डोळ्याच्या नादात बंद करायची नाही. मृग लागला की तुमचा हात शिवशिवतो, पण पंचाहत्तर-शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय सोयाबीन टाकू नका. तुम्हाला मी काय सांगणार म्हणा, पण तीन वर्षांपूर्वी दुबार झाली ती घाईनेच. आई, कूलरमध्ये पाणी टाकताना आधी प्लग काढ, बटण नव्हे, प्लग. ओल्या हाताने नाही, अनवाणी नाही. खारोड्या वाळवायला दुपारी बाराला गच्चीवर जाऊ नकोस, सकाळी घाल, कावळे खाईनात का थोड्या.

दादाशी मी बोलले आहे. तो चिडला नाही. थोडा चिडला.

बाबा, मनात काही असेल तर फोनवर मलाच सांगा, आईकडे देऊ नका.

तुमची धाकली

ता. क. दिवाळीत बाबा माळ्यावर कणगीमागे जे शोधत होते, ते उंदरांनी नेलेलं नाही आणि आई, त्या धुणं-भांड्यावाल्या ताईंनीही नाही. आबांची खंजिरी माझ्याकडे आहे. मोझरीहून आणली होती तीच. एक झांज तुटली होती, ती बसवून घेतली. ११ तारखेला घेऊन येते.