दगड्या, नातवाचं नाव ठरेना

प्रिय दगड्या,

पाकिटावर राजपत्रातलं नाव घातलंय, तेव्हा तक्रार नको. आत मात्र मी दगड्याच म्हणणार.

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील. तब्येत बरी, शुगर आहे तशी, हिचा गुडघा कुरकुरतो. पुरे. मुद्द्यावर येतो, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

इथं स्वीडनमध्ये चिमीला मुलगा झाला हे तुला कळलंच असेल. त्याचं नाव ठेवतायत स्टेन. जावईबापूंच्या आजोबांचं नाव. अर्थ काय म्हणून विचारलं, तर ते वाकले आणि अंगणातला एक गोटा उचलून माझ्या हातावर ठेवला. पावसानं भिजलेला, करडा, एका बाजूला शेवाळ. स्टेन म्हणजे दगड! जुनापुराणा, विसरलेला अर्थ नव्हे, आजही रस्त्यावरच्या दगडाला स्टेनच म्हणतात. लेका, सातासमुद्रापार येऊन माझा नातू दगडू निघाला. मला जे हसू फुटलं ते आवरेना, आणि जावयाला वाटलं म्हाताऱ्याला नाव पसंत आहे.

हिला अजून सांगितलेलं नाही. हिची समजूत अशी की स्टेन म्हणजे स्टेनगनमधलं काहीतरी शूरवीर. सांगलीत मावशीला अर्थ कळला, की अर्ध्या तासात गल्लीभर ‘धोंडोपंत आले’ सुरू. तशी माझ्याकडं उत्तरं आहेत. धोंडो केशव कर्व्यांना 1958 साली भारतरत्न मिळालं, तेव्हा कुणी दगडाला दिलं म्हटलं नाही. आणि इथंही या नावाला वजन आहे. उप्सालाचं विद्यापीठ 1477 साली निघालं, तेव्हा या देशाचा कारभार स्टेन स्तूरे पाहत होता. शिवाय टोर्स्टेन म्हणूनही नाव आहे, म्हणजे थॉर देवाचा दगड. थोर दगड! हे तुला शाळेत असताना माहीत असतं तर माझी बोलती बंद केली असतीस.

एकदा नाद लागला की मी काय करतो ते तुला ठाऊक आहे. भेटेल त्याला नावाचा अर्थ विचारत सुटलोय. शेजारच्या गुनिलाबाई, त्यांचं मूळ नाव गुनहिल्ड. गुन म्हणजे लढाई, हिल्ड म्हणजेही लढाई. आणि बाई अशा, की मांजर आडवं आलं तर त्याचीच माफी मागतील. जुन्या काळी आईच्या नावातला एक तुकडा, बापाच्या नावातला एक तुकडा घ्यायचे आणि जोडून द्यायचे; एकत्र अर्थ लागतो का हे कुणी बघत नसे. आपण ज्याच्यासाठी रात्र-रात्र भांडलो तो टेनिसवाला ब्यॉर्न बोर्ग, त्याचं मराठी केलं तर अस्वलराव किल्लेदार. (तरीही मॅकेन्रोच भारी. हा विषय मी मरेपर्यंत सोडणार नाही.)

गंमत पुढं आहे. ब्यॉर्न हे अस्वलाचं मूळ नावच नव्हे म्हणतात. मूळ नाव घेतलं की ते येतं, म्हणून त्याला नुसतं ‘तपकिरी’ म्हणायला लागले. तुझी आजी दिवेलागणीनंतर सापाला लांबडं म्हणायची ना, तसं. लांडग्याचं तर आणखी पुढं गेलं. तो होता उल्व. ते उच्चारायला नको म्हणून वार्ग केला, मग वार्गचीही धास्ती वाटायला लागली, मग ‘करड्या पायाचा’. जंगलातल्या लांडग्यानं नाव बदलून टाकलं आणि जुनं नाव उल्फ म्हणून माणसांकडं राहिलं. राजपत्रात छापून आणलं नाही, एवढाच तुझ्यात नि त्याच्यात फरक.

मुलगी झाली असती तर लिनेआ ठरलेलं. जन्मभर पोरांकडून लिनियसची द्विनाम पद्धती, ती दोन शब्दांची शास्त्रीय नावं, घोकून घेतलीस, म्हणून सांगतो. लिनियसचा बाप साधा नील्स इंगेमार्सन, इंगेमारचा मुलगा. विद्यापीठात नाव घालायचं तर आडनाव हवं. घरच्या जमिनीत लिंडेनचं मोठं झाड होतं, त्यावरून लिनियस घेतलं. पुढं मुलगा कार्ल मोठा झाला, त्याच्या आवडत्या रानफुलाला ग्रोनोवियस नावाच्या डच माणसानं त्याचं नाव दिलं, लिनेआ. आता त्या फुलावरून मुलींची नावं ठेवतात. मी ते जंगलात ओणवा होऊन पाहिलं. दोऱ्यासारखा देठ, टोकाला दोन फाटे, प्रत्येकाला नखाएवढी गुलाबी घंटा, खाली मान घातलेली. उठताना जावयानं हात दिला.

पण झाला मुलगा. आणि रात्री झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणानं. चिमीला मी तुझी सगळी कथा रंगवून सांगितली, तुझ्या साखरपुड्यात मी भर मांडवात दगड्या म्हणून हाक मारली त्यासकट. (तुझ्या सासऱ्यांना कधीतरी कळणारच होतं, माझं म्हणणं अजून तेच आहे.) पोरगी हसली नाही. म्हणाली, “बाबा, काकांना त्या नावाचं काय वाटायचं?” आता काय सांगू? आधीची दोन राहिली नाहीत म्हणून काकूंनी तुला दगड केलं, एवढं मला माहीत. त्यावर आपण कधी बोललोच नाही. तुझा राग नावावर होता की फक्त माझ्यावर? काकू गेल्यावर ‘दगडू’ म्हणणारं घरात कुणी उरलं नाही, तेव्हा बरं वाटलं का? स्टेनला इथं कोणी हसणार नाही, फार तर म्हाताऱ्यांचं नाव म्हणतील. पण तो सुट्टीत सांगलीला येणार, आपल्या गल्लीत खेळणार.

नाव तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि कुठं, तर कर खात्याला! जन्मल्याबरोबर करदाता. त्यातला बराच वेळ गेलाय.

सुहासच्या नोकरीचं झालं का? बोअरला पाणी लागलं का? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं शऱ्या म्हणाला; त्यांना नमस्कार सांग.

उत्तर लिहून पाठव. फोन करू नकोस, तो स्पीकरवर असतो आणि ही शेजारी बसलेली असते.

तुझा,
बंड्या