ते चार रोल वीस वर्षं धुतले का नाहीत?

प्रति,
मा. पोलीस प्रमुख, सिएटल

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगतो, 'निर्वाणा' या अमेरिकन रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन याचा खून झाला असं मला वाटत नाही. आपल्या खात्यानं १९९४ साली आत्महत्या ठरवली, ते मला पटतं. मार्चमध्ये रोमला गोळ्या घेऊन तो बेशुद्ध झाला होता. एप्रिलच्या पहिल्याच दिवशी कॅलिफोर्नियातल्या व्यसनमुक्ती केंद्रातून निघून गेला. ८ एप्रिलला तुमच्या शहरात, त्याच्याच घरी त्याचा मृतदेह सापडला. वय २७.

पण माझ्या मुलानं 'सोक्ड इन ब्लीच' (२०१५) हा माहितीपट पाहिला आणि घरात उलटतपासणी सुरू झाली. टॉम ग्रँट नावाचा खाजगी गुप्तहेर, ज्याला कर्टच्या बायकोनं, कोर्टनी लव्हनंच, त्याच्या शोधासाठी नेमलं होतं, तो त्यात खुनाची शंका घेतो. घेऊ दे. पण तपास पुन्हा करायला हवा असं त्यात नॉर्म स्टॅम्परही म्हणतात. एकेकाळी आपल्याच खुर्चीत बसलेले! आता मुलाला मी काय सांगू? (निक ब्रूमफील्डनं १९९८ च्या माहितीपटात अशाच शंकेचा माग काढला आणि शेवटी आत्महत्याच मानली. ते मात्र कोणाला आठवत नाही.)

२०१४ मध्ये आपल्या गुप्तहेरानं फाइल पुन्हा उघडली, तेव्हा घटनास्थळाच्या फोटोंचे चार रोल तसेच पडलेले सापडले. न धुतलेले. आमच्याकडे लग्नाचा रोलसुद्धा आठवड्यात धुवायला टाकायचे हो! धुतल्यावर नवं काही निघालं नाही, निष्कर्ष तोच राहिला, हे आपण सांगितलंत. पण ते वीस वर्षं तसेच का राहिले? माहितीपटवाल्यांना याहून जास्त काय लागतं?

मृतदेहाचे फोटो मला नकोत. ते उघड करायला न्यायालयानं २०१८ मध्ये नकार दिला, बरं झालं. त्याला मुलगी आहे. शवविच्छेदनाचा अहवाल वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानं गोपनीय आहे, तोही राहू दे. मला हवंय ते एवढंच: २०१४ च्या फेरतपासणीवर साध्या भाषेतलं एक सविस्तर निवेदन. कोणती शंका तपासली, ती कशामुळे टिकली नाही. त्यानं मागे ठेवलेल्या चिठ्ठीच्या अक्षराबद्दल, रक्तातल्या हेरॉइनबद्दल, बंदुकीवरच्या ठशांबद्दल. आणि जिथे खात्याची ढिलाई झाली तिथे 'झाली' असं सरळ.

हे शहर एकदा असं सरळ बोललेलं आहे. १० एप्रिल १९९४ ला सिएटल सेंटरवर हजारो पोरं मेणबत्त्या घेऊन जमली होती. कोर्टनीनं त्याची चिठ्ठी वाचलेली ध्वनिफीत तिथे लावली, मधेमधे ती त्याच्यावर चिडत होती, रडत होती. गूढबिढ काही ठेवलं नाही. पुढच्या आठवड्यांत हेल्पलाइनवरचे फोन वाढले, पण भीती होती तशा आत्महत्या वाढल्या नाहीत, असं संशोधकांना दिसलं.

त्याच्या घराशेजारच्या विरेटा पार्कमधल्या बाकावर अजूनही मुलं काहीबाही लिहून जातात. मुलाला तिथे जायचंय. त्याआधी आपलं निवेदन आलं तर मी छापून त्याच्या हातात देईन.

आपला,
एका सोळा वर्षांच्या मुलाचा बाप