इंजिन बंद पडले, तर प्रवाशांना नीट सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात ओझर विमानतळावरून निघालेले दोन पंख्यांचे एक छोटे प्रवासी विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच एका इंजिनात बिघाड झाल्याने परत फिरले आणि सुखरूप उतरले. त्या विमानात मीही होतो. वैमानिकांनी आपले काम चोख बजावले आणि त्यांचे आभार मानावेत तितके थोडेच आहेत. माझी तक्रार वेगळी आहे : विमानात बसलेल्या माणसांना शेवटपर्यंत कोणी काही सांगितले नाही.

या जातीच्या विमानाचे पंख खिडक्यांच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळे खिडकीशी बसलेल्याला इंजिनाचा पंखा अगदी जवळून दिसतो. उड्डाणानंतर विमान द्राक्षबागांवर आले न आले तोच डावीकडचा पंखा मंदावला आणि एरवी जिथे नुसते धूसर वर्तुळ दिसते, तिथे सहाही पाती एकेक करून मोजता येतील इतकी स्पष्ट दिसू लागली. माझ्या शेजारचा कॉलेजमधला मुलगा थरथरत्या हाताने मोबाईलवर चित्रण करत होता. तांत्रिक कारणास्तव आपण परत जात आहोत, एवढीच घोषणा इंग्रजीत आणि हिंदीत झाली. आम्ही सामान घेऊन बाहेर येईपर्यंत ‘पंखा तुटला’ अशा मजकुरासह ते चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले होते.

पंखा तुटलेला नव्हता. मी ओझरच्या विमान कारखान्यात देखभाल-दुरुस्तीचे काम करून निवृत्त झालो आहे, म्हणून हे ठामपणे लिहितो. इंजिन बंद पडले की पात्यांची धार वाऱ्याच्या दिशेला वळवतात. तसे केले नाही तर ती पाती हवा अडवून विमानाला एका बाजूला ओढत राहतात. या क्रियेला फेदरिंग म्हणतात. म्हणजे ज्या दृश्याने विमानातल्या लोकांचा धीर सुटला, ते दृश्य सगळे यथासांग चालल्याचे लक्षण होते. धावपट्टीवर एका ठरावीक वेगापर्यंत उड्डाण रद्द करता येते. तो वेग ओलांडल्यावर एक इंजिन गेले तरी उरलेल्या इंजिनावर विमान वर चढलेच पाहिजे, या कसोटीला उतरल्याशिवाय अशा विमानाला प्रवासी वाहतुकीचे प्रमाणपत्रच मिळत नाही. एवढी माहिती चार वाक्यांत सांगून होते.

ती सांगणे हा केवळ सौजन्याचा भाग आहे असे मला वाटत नाही. ८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७ विमानाच्या डाव्या इंजिनातले पाते तुटले, पण वैमानिकांनी चुकून उजवे, चांगले इंजिन बंद केले. कॅप्टनने उजव्या इंजिनाचा उल्लेख करून घोषणाही केली. मागच्या बाजूच्या अनेक प्रवाशांनी आणि काही कर्मचाऱ्यांनी डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना पाहिल्या होत्या, तरीही त्यांच्यापैकी कोणीही ही विसंगती वैमानिकांपर्यंत पोहोचवली नाही. विमान केगवर्थ गावाजवळ कोसळले आणि १२६ पैकी ४७ जण मृत्युमुखी पडले. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत एटीआर ७२ विमानाच्या बाबतीतही उड्डाणानंतर लगेच चांगलेच इंजिन बंद केले गेले आणि ४३ जणांचा बळी गेला. ज्या प्रवाशाला काय चालले आहे ते समजते, तो घाबरून उठत नाही आणि काही विपरीत दिसले तर कर्मचाऱ्यांना सांगतो. अंधारात ठेवलेल्या माणसाकडून ही अपेक्षा कशी करायची?

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर लोकांच्या मनात भीती घर करून आहे आणि ती स्वाभाविक आहे. त्या दिवशी माझ्याबरोबर असलेल्या एका कुटुंबाने दुसरे विमान नाकारले आणि टॅक्सीने मुंबईचा रस्ता धरला. त्यांची समजूत घालायला विमान कंपनीचा एकही जाणकार माणूस तिथे आला नाही. पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटे मात्र वेळेवर मिळाली.

विलंब झाल्यास प्रवाशांना खाणेपिणे आणि परतावा देण्याचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने केलेले आहेत. त्याच नियमांत आणखी एका गोष्टीची भर घालावी, अशी माझी विनंती आहे. विमान बिघाडामुळे परत आले, तर वैमानिक किंवा अभियंत्याने उतरल्यावर प्रवाशांसमोर येऊन काय झाले ते स्थानिक भाषेतही सांगावे आणि तपासणी पूर्ण झाल्यावर बिघाडाचे कारण प्रत्येक प्रवाशाला लेखी कळवावे. तपास सुरू असताना अंदाज बांधून कोणाला दोषी ठरवू नये, हे मला मान्य आहे. पण पाती का थांबली, हे सांगायला कोणत्याही तपासाची वाट पाहावी लागत नाही.

२०२७ च्या सिंहस्थात ओझरला विमानांची आणि पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या भाविकांची संख्या वाढणार आहे. जिल्हा प्रशासनाने सिंहस्थाच्या तयारीच्या बैठकींत विमानतळ प्रशासन आणि विमान कंपन्यांपुढे हा विषय मांडावा आणि निदान ओझरपुरती तरी ही व्यवस्था त्याआधी सुरू करून घ्यावी.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त विमान तंत्रज्ञ,
ओझर, जि. नाशिक